‘शाळेत नाही जायचं’: पहिल्या पंधरवड्यात पालकांनी काय करायचं

मूल शाळेत जायला नाही म्हणू लागलं की घरात दोन पक्ष पडतात. ‘दोन फटके द्या, सरळ येईल’ हा एक. ‘राहू दे आजचा दिवस, लहान आहे’ हा दुसरा. बहुतेक घरांत एकाच आठवड्यात दोन्ही पक्ष आळीपाळीने सत्तेवर येतात. सोमवारी आजीच्या शब्दाखातर घरी ठेवलं, मंगळवारी बाबांनी उचलून रिक्षात कोंबलं, बुधवारी आईला रजा नव्हती म्हणून पुन्हा घरी. मुलाच्या एवढंच लक्षात राहतं की पुरेसा गोंधळ घातला तर निकाल आपल्या बाजूने लागू शकतो.

दोन्ही पक्षांचं एकेक म्हणणं खरं आहे. मुलाला खरोखर त्रास होत असतो, आणि त्याला घरी ठेवल्याने तो त्रास वाढतो. हे दुसरं पालकांना पटायला जड जातं, कारण डोळ्यांना उलटं दिसतं. ‘बरं, नको जाऊस’ म्हटलं की पोटदुखी दहा मिनिटांत थांबते, मूल पोहे खातं, हसायला लागतं. ते नाटक नसतं. भीतीने पोटात खरंच मुरडतं, उलटी होते, डोकं दुखतं. भीती गेली की दुखणंही जातं. पण त्या दहा मिनिटांत मूल शिकतं की शाळा टळली की बरं वाटतं. उद्या सकाळी भीती कालच्यापेक्षा वरच्या पट्टीत सुरू होते, आणि चार दिवसांनी ‘इतके दिवस कुठे होतास?’ या प्रश्नाची भीती तिला येऊन मिळते.

म्हणून काम एकाच वेळी दोन बाजूंनी करायचं असतं. कारण शोधायचं, आणि कारण सापडेपर्यंत शाळेशी असलेला धागा तुटू द्यायचा नाही, मग तो रोजच्या एका तासापुरता का असेना. एकच ठिकाण याला अपवाद आहे. शाळेत कुणी मारतंय, अंगाला नको तसा हात लावतंय किंवा धमकावतंय अशी शंका आली, तर आधी मूल सुरक्षित करायचं. त्याबद्दल पुढे आहे.

हा तोच प्रश्न आहे ना?

बालवाडीत किंवा छोट्या गटात पहिले दोन-तीन आठवडे रडणं हा या लेखाचा विषय नाही. ते वयाचं रडणं असतं. तिथे तीनच गोष्टी पाळा. निरोप अर्ध्या मिनिटात घ्या. डोळा चुकवून पळू नका, कारण मग मूल घरातही तुम्हाला नजरेआड होऊ देत नाही. आणि न्यायला पाच मिनिटं आधी उभे राहा. ‘साडेअकराला येते’ याला त्या वयात अर्थ नसतो. ‘डबा झाला, गाणी झाली की मी गेटवर’ हे समजतं. खिडकीतून डोकावणं मात्र कटाक्षाने टाळा. शांत झालेलं मूल तुमचं कपाळ दिसलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं.

दप्तर घेऊन निघायचं आणि नदीवर किंवा मोबाइलच्या दुकानात दिवस काढायचा, घरी पत्ताच नाही, ही शाळा बुडवणारी मुलंही वेगळी. इथे आपण ज्या मुलाबद्दल बोलतोय ते घरीच असतं, घरच्यांना माहीत असतं, आणि बहुतेकदा ते अभ्यासात वाईटही नसतं. हा त्रास साधारण पाच-सहाव्या वर्षी पहिलीत जाताना आणि मग दहा-अकराव्या वर्षी जास्त दिसतो. आपल्याकडे अनेक मुलांची शाळाच त्या वयात बदलते. जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची दोन शिक्षकी शाळा सुटते आणि पाचवीला तालुक्याच्या हायस्कूलचं भलंमोठं पटांगण, तासागणिक बदलणारे शिक्षक, एका वर्गात साठ पोरं. आजारपणानंतर, दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीनंतर, घरात कुणी गेल्यावर, आईवडिलांची भांडणं वाढल्यावरही हे सुरू होतं.

डॉक्टरांना दाखवा, पण एकदाच

पोटदुखी ‘शाळेची’ आहे हे ओळखायची घरगुती खूण सोपी आहे. शनिवार-रविवार गायब, रविवारी संध्याकाळी परत. तरी बालरोगतज्ज्ञांना एकदा नीट दाखवा. बद्धकोष्ठता, लघवीचा जंतुसंसर्ग, जंत, वाढलेला चष्म्याचा नंबर, कमी ऐकू येणं यांनीही मूल शाळेला नको म्हणतं. फळ्यावरचं दिसत नसेल तर मूल ‘दिसत नाही’ म्हणत नाही, कारण सगळ्यांना असंच दिसतं असं त्याला वाटतं. ते फक्त ‘कंटाळा येतो’ म्हणतं. सगळं ठीक निघालं की तपासण्यांचा फेरा थांबवा. दर आठवड्याला नवी सोनोग्राफी म्हणजे आपल्या पोटात काहीतरी मोठं बिघडलंय याचा मुलाला मिळालेला पुरावा.

कारण काढून घ्या

‘का जायचं नाही?’ हा प्रश्न सकाळी विचारायचा नाही. सकाळी त्याला उत्तर नसतं, आणि बऱ्याच मुलांना ते संध्याकाळीही शब्दांत सांगता येत नाही. मटार सोलताना, गाडीवर मागे बसलेलं असताना, दिवा मालवल्यावर, म्हणजे नजरेला नजर नसताना मुलं जास्त बोलतात. आणि ‘का’ विचारण्याऐवजी दिवस तुकड्यांत पाडा. प्रत्येक तुकड्याला दहापैकी मार्क द्यायला सांगा.

“रिक्षात किती?”
“सात.”
“परिपाठाला?”
“आठ. कधी कधी नऊ.”
“गणिताला?”
“पाच. सर ओरडतात, पण मला नाही.”
“मधल्या सुट्टीत?”
गप्प. मग, “दोन.”
“डबा कुणाबरोबर खातोस?”
“मी नळापाशी उभा राहतो.”

इथे थांबायचं. लगेच ‘कोण त्रास देतं, नाव सांग, उद्या येतेच मी शाळेत’ असं म्हटलंत तर पुढचं दार बंद. ‘अच्छा, नळापाशी’ एवढंच म्हणा आणि मटार सोलत राहा. उरलेलं आज नाहीतर उद्या बाहेर येतं. लहान मुलांना शाळेचा नकाशा काढायला लावा: गेट, जिना, वर्ग, मैदान, शौचालय. आवडत्या जागा हिरव्या, नावडत्या लाल. लाल रंग कुठे पडतो ते पाहा.

शौचालय हे कारण पालकांच्या यादीत शेवटी असतं आणि मुलांच्या यादीत अनेकदा पहिलं. कडी नाही, पाणी नाही, मोठी मुलं वरून डोकावतात. मग मूल सकाळपासून पाणी पीत नाही, दुपारी डोकं दुखतं, आणि एखाद्या दिवशी वर्गात चड्डी ओली झाली की दुसऱ्या दिवसापासून शाळा बंद. सहावी-सातवीतल्या मुलींच्या बाबतीत मासिक पाळीच्या तारखा आणि गैरहजेरीच्या तारखा शेजारी लिहून बघा.

दुसरं मोठं कारण भाषा. घरी मराठी, आजीबरोबर मराठी, आणि सहाव्या वर्षी एकदम सगळा दिवस इंग्रजीत. बाईंनी वही काढायला सांगितलं की चित्र काढायला, हे शेजारच्याकडे बघून ओळखावं लागतं. असं मूल वर्गात दिवसभर अंदाज बांधत असतं आणि दमून घरी येतं. घरीही इंग्रजी बोलायचा सपाटा लावणं हा यावरचा उपाय नव्हे. उद्याचा धडा आज मराठीत गोष्टीसारखा सांगा, आणि ‘मला समजलं नाही’, ‘पाणी पिऊन येऊ का’, ‘बाथरूमला जाऊ का’ ही तीन वाक्यं इंग्रजीत घोटून घ्या. महिन्यादोन महिन्यांत फरक दिसला नाही तर माध्यम बदलायचा विचार लाज न वाटता करा.

वाचनाचा तास आला की हमखास नको म्हणणारं, तोंडी हुशार पण लिहिताना अक्षरं उलटसुलट करणारं मूल असेल तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. साधारण दुसरी-तिसरीपासून ती नीट करता येते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, आणि प्रमाणपत्र असेल तर दहावी-बारावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. मुंबईत सायन, केईएम, नायर या रुग्णालयांत, जिल्ह्यात सिव्हिल हॉस्पिटलमध्ये चौकशी करा.

आणि काही वेळा शाळेत काहीच वाईट नसतं. घरी काहीतरी सुटेल अशी भीती असते. आई आजारी आहे, रात्री मोठ्या आवाजात बोलणं ऐकलंय, धाकटं भावंड नुकतंच आलंय. मूल घरावर पहारा द्यायला थांबतं. त्याला शाळेबद्दल कितीही समजावलं तरी उपयोग होत नाही. घरात काय चाललंय ते त्याच्या वयाला झेपेल एवढं खरं सांगा.

वर्गशिक्षिकेला भेटा

डायरीत चिठ्ठी पाठवू नका, वर्गाच्या दारात उभ्याने बोलू नका. वेळ मागून घ्या. पहिलं वाक्य तक्रारीचं असू नये. ‘बाई, घरी असं चाललंय, वर्गात तुम्हाला काय दिसतं?’ असं विचारलं की निम्म्या वेळा तुम्हाला माहीत नसलेली गोष्ट कळते. मग नेमकं मागा. मोघम ‘जरा लक्ष द्या’ने काही होत नाही, कारण बाईंसमोर पन्नास मुलं आहेत.

मागण्या छोट्या असाव्यात. गेटवर रोज एकच ओळखीचं माणूस, मग त्या बाई असोत की शिपाईमावशी, मुलाला हाताला धरून आत नेईल. बाकावर शेजारी अमुक मुलगा बसेल. पहिले काही दिवस उभं करून उत्तर विचारणार नाहीत. फार घाबरल्यासारखं झालं तर दहा मिनिटं वाचनालयात बसू देतील, पण घरी फोन करणार नाहीत. हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. ‘रडला की आई येते’ हे एकदा कळलं की शाळेत रोज अकरा वाजता रडू येतं. आणि ‘काय साहेब, झाली का सुट्टी?’ अशी वर्गासमोर थट्टा होणार नाही, हेही सांगून ठेवा. बाईंचा हेतू वाईट नसतो, पण मूल तिथेच मिटतं.

शिक्षाच कारण असेल तर गोष्ट वेगळी. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार मुलाला मारणं आणि त्याचा मानसिक छळ करणं या दोन्हींना बंदी आहे. आधी मुख्याध्यापकांशी बोला. फरक पडला नाही तर लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच घेतलेल्या अर्जाला तोंडी तक्रारीपेक्षा फार लवकर उत्तर येतं. त्यानंतर शाळा व्यवस्थापन समिती, गटशिक्षणाधिकारी, आणि राज्याचा बालहक्क संरक्षण आयोग. लैंगिक त्रासाची शंका असेल तर शाळेच्या अंतर्गत चौकशीची वाट बघत बसू नका. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे असा गुन्हा कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, शाळेलाही. १०९८ हा मुलांसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर कधीही लावता येतो. मुलाला पुन्हापुन्हा तेच विचारू नका. एकदा शांतपणे ऐका आणि ‘तुझी चूक नाही’ एवढं सांगा.

पायऱ्या पाडा

आठवडा-दोन आठवडे शाळा बुडालेली असेल तर एकदम पूर्ण दिवस बसायला लावणं बहुधा फसतं. मूल टिकलंच तरी दुसऱ्या दिवशी नाही म्हणतं. उदाहरण म्हणून, पाचवीला हायस्कूलमध्ये आलेली मुलगी घ्या. परिपाठात माइकवर दिनविशेष वाचताना ती अडखळली, अख्खं मैदान हसलं, आणि दुसऱ्या दिवसापासून तिची पोटदुखी सुरू झाली. तिच्या पायऱ्या अशा:

१. शनिवारी शाळा सुटल्यावर आजोबांबरोबर रिकाम्या मैदानात चक्कर, वर्गातल्या आपल्या बाकावर पाच मिनिटं.
२. सोमवारी मधल्या सुट्टीनंतर शाळेत, सगळ्यांबरोबर सुटायचं.
३. दुसऱ्या तासापासून.
४. परिपाठ चालू असताना शाळेत यायचं, वाचनालयात बसायचं, पहिल्या तासाला वर्गात.
५. परिपाठाला शेवटच्या रांगेत, मैत्रिणीशेजारी.
६. वर्गात, फक्त आपल्या वर्गासमोर, मैत्रिणीबरोबर मिळून सुविचार वाचायचा.
७. मैदानावर दोघींनी मिळून, माइकवर.

दुसरी पायरी नीट पाहा. उशिरा जायचं, पण सुटायचं सगळ्यांबरोबर. उलट केलंत, म्हणजे वेळेवर जाऊन लवकर परत आणलंत, तर पळून येण्याची सवय लागते. शिवाय शाळा सुटतानाची मजा, गेटवरच्या बोरवाल्यापाशी थांबणं, मैत्रिणींबरोबर चालत येणं, हे रोज मिळतं.

एका पायरीवर भीती उतरेपर्यंत थांबा, मग पुढची. कुणाला दोन दिवस लागतात, कुणाला आठवडा. वाईट दिवस आला तर त्याच पायरीवर राहा, खाली उतरू नका. आणि भीतीचा कळस असताना मुलाला शाळेबाहेर काढू नका. छातीची धडधड कायम चढती राहत नाही. थोड्या वेळाने ती आपोआप उतरते, आणि शाळेत बसून ती उतरलेली मुलाने अनुभवणं हेच यातलं औषध आहे. मानसोपचारात वापरली जाणारी पद्धत मुळात हीच, घरच्या मापाने शिवलेली.

बक्षीस लहान आणि त्याच दिवशीचं हवं. संध्याकाळचा खाऊ तिने ठरवायचा, एक जादा गोष्ट, बाबांबरोबर बॅडमिंटन. ‘महिनाभर गेलीस तर सायकल’ हे मोठ्यांचं गणित आहे. तिच्या डोळ्यांपुढे फक्त उद्याची सकाळ असते.

सकाळ आणि घरी राहिलेला दिवस

सकाळची निम्मी लढाई रात्री होते. दप्तर, गणवेश, मोजे, बूट रात्री एका जागी. मोबाइल झोपण्याआधी तासभर बंद; पाचवीच्या पुढच्या मुलांत तर शाळा नको वाटण्याचं कारण कधी कधी वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरच असतं, तेव्हा तेही विचारा. २०२४ च्या फेब्रुवारीत राज्य शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असा आदेश काढला. तुमच्या मुलाची शाळा अजून सातची असेल तर पालकसभेत विषय काढा.

सकाळी वाद घालू नका. ‘जायचंय का?’ असं विचारलंत की उत्तर ठरलेलं आहे. ‘निळे मोजे की पांढरे?’ असं विचारा. पोट दुखतंय म्हटलं तर ‘हो, दुखत असेल, चल, पाणी पी, बूट घालू’ असं म्हणा. दुखणं मान्य करायचं आणि निघायचंही. आईला सोडून जाणं हाच त्रास असेल तर सोडायला बाबा, काका, शेजारच्या काकू यांपैकी कुणीतरी जावं; बरीच मुलं दुसऱ्याबरोबर निम्म्या वेळात आत जातात. ‘पोलीस नेईल’, ‘वसतिगृहात टाकीन’, ‘ताई बघ कशी जाते’ ही तिन्ही वाक्यं महिनाभर रजेवर पाठवा. आजीआजोबांना आधी बाजूला बसवून बेत समजावून सांगा, कारण त्यांच्या एका ‘अगं राहू दे’ने पंधरा दिवसांचं काम जातं. त्यांनाच एखादी पायरी सोपवली तर आणखी उत्तम.

इतकं करूनही मूल घरी राहिलंच, तर रागवायचं नाही आणि लाडही करायचे नाहीत. शाळेच्या वेळेत घर कंटाळवाणं असू द्या. टीव्ही नाही, मोबाइल नाही, आईच्या कुशीत दुपारची झोप नाही. उठणं, अंघोळ, डबा शाळेच्याच वेळेला, आणि डबा डब्यातूनच खायचा. चार वाजता मित्र खेळायला आले की मात्र जाऊ द्या. मित्र तुटले तर परतीची वाट आणखी लांबते.

मदत घ्यायला कधी थांबायचं नाही

दोन आठवडे प्रयत्न करूनही मूल वर्गापर्यंत पोहोचत नसेल, किंवा महिन्याभराहून जास्त शाळा बुडाली असेल, तर बालमानसतज्ज्ञ किंवा समुपदेशक गाठा. झोप उडाली, जेवण तुटलं, पूर्वी आवडणारं सगळंच नकोसं झालं, अंगावर कापल्याच्या खुणा दिसल्या, ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असं काही तोंडून आलं, तर दोन आठवडेही थांबू नका, त्याच दिवशी जा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. १४४१६ या ‘टेली-मानस’ क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीत मोफत बोलता येतं. हा नंबर पालकांसाठीही आहे. ‘वेड्यांचा डॉक्टर’ म्हणून नातेवाईक नाक मुरडतील. त्यांना सांगायलाच हवं असं काही नाही.

पुन्हा सुरू झालं तर

एकदा शाळा सुरळीत झाली तरी सोमवार, सहामाही परीक्षा, आठवडाभराचा ताप आणि दिवाळीची सुट्टी या चार ठिकाणी गाडी पुन्हा अडते. सुट्टी संपायच्या दोन दिवस आधीपासून उठण्याची वेळ शाळेची करा, वर्गातल्या एका तरी मुलाला घरी खेळायला बोलवा, आणि शाळा उघडायच्या आदल्या संध्याकाळी गेटपर्यंत एक फेरी मारून या. पहिल्या दिवशी सकाळी पुन्हा पोट दुखलं तर सगळं पाण्यात गेलं असं समजू नका. पायऱ्यांचा कागद काढा, मूल जिथे सहज उभं राहिलं होतं ती पायरी शोधा, आणि बाईंना आदल्या रात्रीच फोन करून ठेवा की उद्या गेटवर मावशींना उभं करा.